सांभाळणाऱ्याचा सांभाळ

मुलांच्या मानसिक आरोग्याविषयी आपल्याकडे आता उघडपणे बोललं जातं, हे चांगलंच झालं. शाळांमधून ताणतणावावर व्याख्यानं होतात, परीक्षांचा हंगाम जवळ आला की वर्तमानपत्रांत मानसोपचारतज्ज्ञांचे लेख येतात, समुपदेशनाच्या फोन क्रमांकांची जाहिरात होते. पण हे सगळं बोलणं नीट ऐकलं तर त्यातला बहुतेक भाग मुलांना उद्देशून असतो. मुलानं अपयश पचवायला शिकावं, दीर्घ श्वास घ्यावा, मनातलं सांगावं, मोबाइल बाजूला ठेवावा. पालकांच्या वाट्याला उपदेश येतो: मुलाला वेळ द्या, तुलना करू नका, ओरडू नका. पहाटे साडेपाचची लोकल पकडून रात्री नऊला घरी परतणाऱ्या बाईनं वेळ कुठून आणायचा आणि सोसायटीचं कर्ज थकलेल्या बापानं कुठल्या बळावर शांत राहायचं, हा प्रश्न मात्र त्या उपदेशात येतच नाही. मला वाटतं, मुलांच्या मनाचा विचार याच प्रश्नापासून सुरू व्हायला हवा. मुलांना सांभाळणाऱ्या माणसांचा वेळ, त्यांची झोप, त्यांच्या डोक्यावरचं देणं आणि त्यांची उदासी हा मुलांच्या मानसिक आरोग्याचाच भाग आहे. सरकारचा आणि समाजाचा पैसा पहिल्यांदा तिथे लागला पाहिजे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ साली देशात १३,०८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. हा आकडा आला की चर्चा लगेच परीक्षेकडे वळते. पण त्याच अहवालात अठरा वर्षांखालील मुलांच्या मृत्यूंची जी कारणं नोंदवली आहेत, त्यांत पहिलं कारण ‘कौटुंबिक समस्या’ हे आहे. परीक्षेतलं अपयश त्याच्या बरंच खाली येतं. या नोंदी पोलिसांनी केलेल्या असतात आणि एखाद्या मृत्यूला एकच कारण चिकटवणं हे मुळातच अपुरं असतं, हे खरं आहे. ‘कौटुंबिक समस्या’ या दोन शब्दांत काय काय कोंबलेलं असतं, तेही त्या तक्त्यातून कळत नाही. तरीही एवढं लक्षात घ्यायला हरकत नाही, की आपलं सगळं लक्ष मार्कांच्या कागदाकडे असताना नोंदवही घराकडे बोट दाखवते आहे. घराकडे म्हणजे घरातल्या माणसांच्या वाईटपणाकडे, असा अर्थ मी काढत नाही. तो तसा का काढायचा नाही, हे कळण्यासाठी अमेरिकेतल्या एका अभ्यासाकडे जावं लागेल.

नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात १९९३ साली जेन कॉस्टेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,४२० मुलांच्या मानसिक आरोग्याचा दरवर्षी मागोवा घ्यायला सुरुवात केली. सुरुवातीला ही मुलं नऊ ते तेरा वर्षांची होती आणि त्यांतली सुमारे एक चतुर्थांश चेरोकी या आदिवासी जमातीची. अभ्यास चालू असतानाच, १९९६ मध्ये, जमातीच्या राखीव भूमीवर कॅसिनो उघडला. जमातीनं ठरवलं, की नफ्याचा ठरावीक वाटा दर सहा महिन्यांनी प्रत्येक सदस्याला द्यायचा. कोणी अर्ज केला नव्हता, कोणाची पात्रता तपासली नव्हती, पैसा सगळ्यांच्या हातात आला. संशोधकांना जो प्रयोग मुद्दाम करणं शक्य नव्हतं, तो आपोआप घडला. काही कुटुंबं त्या पैशामुळे दारिद्र्यरेषेच्या वर आली. त्या घरांतल्या मुलांची मारामारी, उद्धटपणा, चोऱ्या, तोडफोड यांसारखी लक्षणं पुढच्या चार वर्षांत इतकी कमी झाली, की ती कधीच गरीब नसलेल्या घरांतल्या मुलांच्या पातळीला आली. जी कुटुंबं गरीबच राहिली, त्यांच्या मुलांत असा फरक पडला नाही. चिंता आणि उदासीच्या लक्षणांवर मात्र पैशाचा विशेष परिणाम दिसला नाही, हेही त्या संशोधकांनी प्रामाणिकपणे नोंदवलं आहे.

मला यातला पुढचा शोध सर्वांत मोलाचा वाटतो. पैसा मुलापर्यंत कोणत्या वाटेनं पोचला, हे कॉस्टेलो यांनी तपासलं. मुलांसाठी कपडे, खेळणी किंवा शिकवण्या घेतल्या गेल्या असतील, पण फरक मुख्यतः त्यामुळे पडलेला नव्हता. पालकांचं मुलाकडे लक्ष राहू लागलं, हा खरा दुवा होता. मूल कुठे आहे, कोणाबरोबर आहे, घरी कधी येणार आहे हे पाहायला आईबापांना सवड मिळू लागली. या पालकांना कोणी पालकत्वाचं शिबिर दिलेलं नव्हतं. मुलाकडे लक्ष द्यायचं असतं, हे त्यांना आधीही माहीत होतंच. आधी सवड नव्हती.

गरिबीतून बाहेर येण्याची ही गोष्ट झाली. तिची उलटी बाजू आयोवा राज्यात दिसली, आणि ती विदर्भ-मराठवाड्याच्या वाचकाला परकी वाटणार नाही. १९८०च्या दशकात तिथे शेतजमिनीच्या किमती कोसळल्या, चढ्या भावाच्या जमिनींवर घेतलेली कर्जं अंगावर आली, पिढ्यान्‌पिढ्यांची शेतं लिलावात गेली. रँड काँगर आणि ग्लेन एल्डर यांनी १९८९ पासून त्या भागातल्या ४५१ कुटुंबांचा अनेक वर्षं अभ्यास केला. शेतीवरचं संकट मुलाच्या मनात कसं उतरतं, याची साखळी त्यांनी कडीनं कडी जोडून दाखवली. बिलं भरता येत नाहीत, गरजेच्या वस्तू टाळाव्या लागतात, त्यातून आईबाप खचतात आणि चिडचिडे होतात. मग त्यांची आपापसात भांडणं वाढतात, भांडणांतून मुलांशी वागणं कठोर किंवा तुटक होतं, आणि मूल बिघडतं ते या शेवटच्या कडीला. म्हणजे कर्जाचा आकडा मुलाला थेट लागत नाही. तो आईबापांमधून जातो. याच अभ्यासात असंही आढळलं, की नवरा-बायको एकमेकांना धरून राहिले, किंवा आजी-आजोबांशी नातं घट्ट राहिलं, तर साखळी मध्येच सैल होते. आपल्याकडे शेतकरी आत्महत्यांवर इतकं लिहिलं गेलं, समित्या नेमल्या गेल्या, कर्जमाफ्या झाल्या. पण थकबाकीदार घरातल्या सातवीतल्या मुलीचं मन हा कर्जधोरणाचा विषय आहे, असं कुठल्या अहवालानं ठासून सांगितल्याचं आठवत नाही. ते सांगायला हवं.

साखळीची पहिली कडी मूल जन्माला येतानाच पडलेली असते. गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हापशाच्या आझिलो इस्पितळात आलेल्या २७० मातांचा अभ्यास करून तो २००२ मध्ये प्रसिद्ध केला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या २३ टक्के स्त्रिया नैराश्यात होत्या. गरिबी, नवऱ्याची मारहाण, आणि मुलगा हवा असताना मुलगी झाली, ही त्यामागची जोखमीची कारणं निघाली. याच संशोधनमालिकेत पुढे दिसलं, की नैराश्यातल्या मातांच्या बाळांची सहाव्या महिन्यातली वाढ खुंटण्याचा धोका जास्त होता. आपण बाळाचं वजन करतो, त्याचा आलेख काढतो, वजन घसरलं तर पोषण आहार देतो. ज्या बाईच्या मांडीवर ते बाळ असतं, तिला मात्र ‘तुम्हाला कसं वाटतं?’ असं त्या तक्त्याच्या कुठल्याच रकान्यात विचारलेलं नसतं.

विचारलं तर काय करता येतं, हे पाकिस्तानातल्या रावळपिंडी जिल्ह्यात दिसलं. अतिफ रहमान यांनी तिथल्या लेडी हेल्थ वर्करना, म्हणजे आपल्याकडच्या आशाताईंसारख्या गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांना, मातांशी बोलण्याची एक सोपी पद्धत शिकवली. मनोविकारांवर उपचार करण्याचं कसलंही पूर्वशिक्षण त्यांच्याकडे नव्हतं. ‘लॅन्सेट’मध्ये २००८ साली आलेल्या निष्कर्षांनुसार, गरोदरपणात नैराश्य असलेल्या ज्या स्त्रियांकडे अशी सेविका जात होती, त्यांपैकी बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर २३ टक्के नैराश्यात होत्या; नेहमीच्या भेटी मिळालेल्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५३ टक्के होतं. बाळांच्या वजन-उंचीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पण त्यांना अतिसार कमी झाला, लसी जास्त प्रमाणात पूर्ण झाल्या, आणि आई व बाप दोघंही रोज बाळाशी जास्त खेळू लागले. बापाशी तर कोणी उपचार म्हणून बोललंही नव्हतं.

आता महाराष्ट्रात येऊ. बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसं ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. तोड पहाटे सुरू होते आणि गाडी भरायला रात्री-अपरात्रीही उठावं लागतं. मूल बरोबर नेलं तर ते फडावर आणि कोपीत, धाकट्याला सांभाळत. गावी ठेवलं तर आजीपाशी, सहा महिने आईबापांविना. त्या मुलाला ताणाचं व्यवस्थापन शिकवणारं व्याख्यान देणं मला क्रूर वाटतं. त्याच्यासाठी गावात चाललेलं हंगामी वसतिगृह, ज्यात जेवण मिळतं आणि संध्याकाळी अभ्यासाला बसवणारं माणूस असतं, ही मानसिक आरोग्याचीच सेवा आहे, मग ती शिक्षण खात्याच्या कागदावर कशीही नोंदलेली असो. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्यानं २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणली. तिच्याकडे फक्त शाळागळती थांबवण्याचा उपाय म्हणून न पाहता, सहा महिने आईबाप दूर असताना मुलाला एक स्थिर, ओळखीचं मोठं माणूस मिळतं का, या निकषावर ती तपासली पाहिजे.

हा विचार आपल्याला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेलं. वारली मुलं शाळेत का येत नाहीत, हे पाहताना त्यांना दिसलं, की मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घरी बसलेली असते, कारण आई कामावर गेलेली असते. मुलीला शाळेचं महत्त्व पटवत बसण्याऐवजी त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आणली. विकासवाडी म्हणतात ती हीच. बहिणीनं भावाला घेऊनच शाळेत यायचं, त्याला पाळणाघरात सोडायचं आणि आपल्या वर्गात जायचं. जी मुलं गुरं चारायला जात, त्यांच्यासाठी शाळा कुरणावर गेली. मुलाच्या अडचणीचं मूळ सांभाळण्याच्या ओझ्यात आहे हे ओळखून ते ओझं उचलायचं, हे शहाणपण पालघरच्या डोंगरात सत्तर वर्षांपूर्वी होतं. पुढे मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीनं पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचं केलं. पण धुणीभांडी करणारी, बांधकामावर पाट्या टाकणारी, शेतमजुरी करणारी बाई अशा कुठल्या आस्थापनेच्या पटावर असते? अंगणवाडी दुपारी बंद होते. त्या बाईची कामाची पाळी दुपारी संपत नाही.

शाळेकडे वळलं की लोक म्हणतात, मग शिक्षकांनाच समुपदेशनाचं प्रशिक्षण द्या. ऐकायला हे सोयीचं आहे आणि खर्चही कमी. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ‘संगाथ’ या गोव्याच्या संस्थेनं चालवलेल्या ‘सेहेर’ प्रकल्पात हेच पारखून पाहिलं गेलं. चौऱ्याहत्तर सरकारी माध्यमिक शाळा. काही ठिकाणी कार्यक्रम शिक्षकानं राबवायचा, काही ठिकाणी तोच कार्यक्रम या कामासाठीच नेमलेल्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकानं, आणि उरलेल्या शाळांत दोन्ही नाही. शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस स्वतंत्र समुपदेशक असलेल्या शाळांतलं वातावरण सुधारलं, मुलांतलं नैराश्य, दादागिरी आणि हिंसा कमी झाली. शिक्षकाकडे काम दिलेल्या शाळांत मात्र दोन्ही नसलेल्या शाळांपेक्षा वेगळं चित्र दिसलं नाही. शिक्षकांना मुलांची आस्था नसते, असा याचा अर्थ लावणं अन्यायाचं होईल. आपल्याकडचा जिल्हा परिषदेचा शिक्षक निवडणुकीच्या याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं आणि पोषण आहाराचा हिशेब यांत किती गुंतलेला असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आधीच वाकलेल्या माणसाच्या पाठीवर आणखी एक गोणी ठेवली, की ती गोणी कुठेच पोचत नाही. पालकांचं जे, तेच शिक्षकांचं.

दिल्लीतल्या सरकारी शाळांमध्ये ‘संगाथ’नंच आणखी एक प्रयोग केला, आणि रोजच्या अडचणींच्या दृष्टीनं तो फार उपयोगी आहे. त्रासात असलेल्या मुलांना आजाराचं नाव न देता, तुझी अडचण कोणती, तिच्यावर कोणकोणते उपाय करून पाहता येतील, त्यांतला एक करून पाहा, अशा पायऱ्यांनी चार-पाच छोट्या बैठका. तीन आठवड्यांत, अर्ध्या तासाच्या आत संपणाऱ्या. समुपदेशक तज्ज्ञ नव्हते. मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींची तीव्रता, नुसती पुस्तिका मिळालेल्या मुलांपेक्षा, स्पष्टपणे कमी झाली. एकूण मानसिक लक्षणांत मात्र सहा आठवड्यांनी तसा फरक दिसला नाही. यातून माझा निष्कर्ष असा, की मुलाच्या हातात असलेल्या अडचणी त्याला सोडवायला शिकवता येतात आणि शिकवाव्यातही. पण बापाची दारू, भाड्याची खोली सोडण्याची नोटीस, आईचं रात्रपाळीचं काम या त्याच्या हातातल्या अडचणीच नाहीत. त्या त्याच्यावर सोपवून त्याला ‘कणखर’ व्हायला सांगणं म्हणजे मोठ्यांनी आपलं काम मुलावर ढकलणं होय.

या सगळ्यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की शेवटी मुलांच्या त्रासाचा दोष पालकांवरच, आणि आपल्याकडे पालक म्हणजे आई, म्हणून आईवरच टाकला जाणार. भीती रास्त आहे. विसाव्या शतकात मुलाच्या स्वमग्नतेला आईचा थंडपणा जबाबदार धरण्यापर्यंत वैद्यकशास्त्राची मजल गेली होती आणि त्यानं असंख्य बायकांचं आयुष्य नासवलं. म्हणूनच पुरावा काय सांगतो ते काळजीपूर्वक पाहायचं. कॅसिनोच्या अभ्यासात पालक तेच होते. परिस्थिती बदलली आणि वागणं बदललं. शिवाय आधार देणारं माणूस आईच असावं लागतं, असंही नाही. हवाई बेटांपैकी काउआईवर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, भांडणं, आजारपण यांसारख्या अनेक जोखमी एकाच वेळी वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश पुढे समर्थ, प्रेमळ प्रौढ झाली. त्यांच्या आयुष्यात बहुधा एक तरी माणूस टिकून होतं: आजी, मावशी, थोरलं भावंड, शेजारी, शिक्षक. आपल्याकडे हे काम आजही बऱ्याच घरांत आजी करते, गुडघे दुखत असताना आणि बहुतेकदा कुठलंही निवृत्तिवेतन नसताना.

दुसरा आक्षेप सुखवस्तू घरांचा. तिथे पैसा आहे, मग तिथली मुलं का कोमेजतात? भारतीय वंशाच्या मानसशास्त्रज्ञ सुनिया लूथर यांनी अमेरिकेतल्या श्रीमंत उपनगरांत हाच प्रश्न घेतला. त्या मुलांत व्यसनं आणि चिंता अनपेक्षितपणे जास्त आढळली, आणि त्यामागे दोन गोष्टी ठळक होत्या: यशाचा अतिरेकी दबाव आणि पालकांपासूनचं तुटलेपण. मुलाला शिकवणीसाठी लातूरला किंवा कोट्याला खोली घेऊन देणाऱ्या, हिंजवडीत रात्री अकरापर्यंत परदेशी ग्राहकांच्या बैठकांत अडकलेल्या घरांना हे लागू पडेल. अभाव पैशाचा नसेल तर सवडीचा असतो, आणि सवड वेगवेगळ्या घरांतून वेगवेगळ्या हातांनी काढून घेतली जाते. म्हणून कामाच्या तासांविषयीची चर्चा मला मुलांच्या आरोग्याची चर्चा वाटते. आठवड्याला सत्तर तास काम करण्याचं कौतुक होतं, तेव्हा त्या तासांत घरी कोण होतं, हे कोणीतरी विचारायला हवं.

‘आमच्या वेळी कुठे होतं असलं काही?’ हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. त्या वेळीही होतं. त्याला अंगात येणं, डोकं फिरणं, घरातून पळून जाणं अशी नावं होती. पण त्या आक्षेपात एक खरी गोष्टही दडली आहे. वाड्यात, चाळीत, वाडीवर मुलावर नजर ठेवणारे डोळे जास्त होते. ते डोळे जाचक होते, जातीची आणि मुलींवरच्या बंधनांची पहारेदारीही तेच करत, म्हणून ते जसेच्या तसे परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. त्या डोळ्यांचं लक्ष ठेवण्याचं काम मात्र कोणीतरी करायला हवं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. बातम्यांत ती मुलांच्या अभ्यासाची गोष्ट म्हणून आली. माझ्या मते तिचं खरं महत्त्व त्या भोंग्यानं मोठ्यांचेही पडदे बंद होतात, यात आहे. नियम एका आईनं एकटीनं लादलेला नसतो, गावानं मिळून पाळलेला असतो, त्यामुळे घराघरातलं रोजचं भांडण टळतं.

गंभीर आजारांचं काय, असं डॉक्टर विचारतील, आणि त्यांनी ते विचारलंच पाहिजे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षांच्या ७.३ टक्के मुलांना निदान होण्याइतका विकार आढळला होता. त्यांना औषध, उपचार, तज्ज्ञ यांची गरज असते. घरात सवड आली म्हणून तीव्र नैराश्य किंवा मनोविकृती आपोआप बरी होत नाही. कॅसिनोच्या पैशानं चिंता-उदासी कमी झाली नाही, हे वर लिहिलं ते यासाठीच. पण तज्ज्ञ थोडे आहेत आणि बहुतेक शहरांत आहेत. बीडच्या किंवा नंदुरबारच्या मुलाला तिथवर नेणार कोण? त्याचं बदललेलं वागणं आधी ओळखणार कोण, रोजंदारी बुडवून जिल्हा रुग्णालयात बसणार कोण, महिनोन्‌महिने गोळ्या वेळेवर देणार कोण? उपचारांची वाटही त्याच थकलेल्या माणसाच्या पायांनी चालायची असते.

एवढ्या सगळ्याला पैसा कुठून, असाही प्रश्न येईल. त्याचं उत्तर मी सुरुवात कुठून करायची, या स्वरूपात देईन. गावोगावी लसीकरणाचा दिवस ठरलेला असतो. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि परिचारिका त्या दिवशी एकत्र असतात, आणि बाळाला घेऊन आई किंवा आजी समोर बसलेली असते. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही असं झालं का, मन सतत खिन्न राहिलं का, हे दोन प्रश्न नैराश्याच्या पहिल्या चाळणीसाठी जगभर वापरले जातात. विचारायला दोन मिनिटंही लागत नाहीत. हो असं उत्तर आलं, तर पुढच्या चार-पाच भेटी त्या बाईसाठी राखून ठेवायच्या, गरज पडली तर ‘टेलिमानस’ या सरकारी दूरध्वनी-समुपदेशन सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर तिथूनच जोडून द्यायचं, आणि मारहाण होत असेल तर तिला एकटीला परत न पाठवता त्याची पुढची व्यवस्था करायची. हे काम आशाताईंच्या आधीच्या कामांत फुकट घुसडायचं नाही. त्यासाठी वेगळा मोबदला आणि दुसरं कुठलं तरी काम कमी करणं हवं, नाहीतर नालंदाच्या शिक्षकांचं झालं तेच त्यांचं होईल. दुसरी सुरुवात अंगणवाडीच्या वेळेपासून करता येईल: जिथे बायका मजुरीला जातात तिथे ती संध्याकाळपर्यंत उघडी, दोन पाळ्यांत, दोन वेगवेगळ्या सेविकांकडे. आणि तिसरी, कारखान्याच्या गळीत हंगामाचा परवाना देताना तोडणी कामगारांच्या मुलांची सोय कुठे केली आहे, याची यादी मागण्यापासून.